रिपोर्ट नॉर्मल, दुखणं मात्र तसंच: एंडोमेट्रिऑसिसचं निदान आणि पुढचं सगळं

विमा कंपनीचं शेवटचं पत्र मागच्या आठवड्यात आलं आणि ती फाइल एकदाची मिटली. म्हटलं, आता डोक्यात ताजं आहे तोवर लिहून काढावं. मी कोल्हापूरची, वय चौतीस, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत अकाउंट्स बघते. मी डॉक्टर नाही. खाली औषधांची जी नावं येतील ती मला माझ्या डॉक्टरांनी दिलेली आहेत, तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही सुरू करू नका. हे लिहितेय ते अशा मुलींसाठी, ज्यांना दुखतंय खूप, रिपोर्ट येतायत नॉर्मल, आणि पुढे कुणाकडे जायचं हेच कळत नाहीये.

पाळीत पोट दुखणं शाळेपासूनचं. आई ओव्याचं पाणी करून द्यायची, एक दिवस लोळून काढायचा, दुसऱ्या दिवशी वर्गात. तेवढं आमच्या घरात सगळ्याच बायकांना होतं. २०२१ पासून मात्र दुखण्याची जात बदलली. पाळीच्या दोन दिवस आधीच डाव्या बाजूला खोलवर सुरू व्हायचं, कंबरेतून मांडीत उतरायचं. पाळीच्या दिवसांत शौचाला बसलं की आतून कुणी सुरी फिरवल्यासारखं व्हायचं. पाळी संपली की ते गायब. संबंधांच्या वेळीही दुखायचं, आणि ते कुणाला सांगायचं हा वेगळाच प्रश्न. सासूबाईंना पोटदुखीचं सांगितलं तर म्हणाल्या, "अगं, आमच्या येळंला असलं लाड न्हवतं. गरम पाण्याची पिशवी घ्यायची आन कामाला लागायचं." त्यांनी स्वतः तेच केलं असणार, त्यामुळे राग तरी किती धरायचा.

ऑफिसात माझ्या दुखण्याचं आणि जीएसटीचं वैर होतं. थ्री-बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र, भरायची शेवटची तारीख २०. पाळी १८-१९ ला आली की टेबलाखाली पोटाला पिशवी बांधून, दर सहा तासांनी मेफ्टाल घेऊन मी आयटीसी (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) जुळवत बसायचे. साहेबांना वाटायचं कामाचं टेन्शन.

जानेवारी २०२२ मध्ये पहिल्यांदा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले. पोटावरून सोनोग्राफी सांगितली, ९०० रुपये. "येथे लिंगनिदान केले जात नाही" या पाटीखाली बाटलीभर पाणी पिऊन, लघवी दाबून तासभर बसायचं, मग दहा मिनिटांत काम संपतं. रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर चांगल्या मनाने म्हणाल्या, "एक मूल होऊ दे, सगळं थांबेल." पोटदुखीवरची ही सूचना मला नंतरही बऱ्याच जणांकडून मिळाली, त्यात एक रिक्षावाले काकासुद्धा होते.

शौचाच्या त्रासासाठी पोटविकारतज्ज्ञ झाले. आयबीएसचं, म्हणजे आतड्याच्या बिघडलेल्या सवयीचं, निदान झालं, गहू आणि दूध बंद झालं, गोळ्या सुरू झाल्या. वर्ष त्यात गेलं. गव्हाने काही फरक पडला नाही, पण घरात कुणाच्याही वाढदिवसाला माझ्यासाठी वेगळी ज्वारीची भाकरी व्हायची आणि त्यावर चर्चा व्हायची. मधेच फॅमिली डॉक्टरांनी रक्ताची एक तपासणी सांगितली, सीए-१२५. आली ५८. लॅबच्या कागदावर ३५ च्या आत असायला हवी असं छापलेलं, आणि नेटवर शोधलं तर पहिल्याच ओळीत अंडाशयाचा कॅन्सर. ती रात्र मी आणि नवऱ्याने टक्क जागून काढली. पुढे कळलं की एंडोमेट्रिऑसिसमध्ये, फायब्रॉइडमध्ये (गर्भाशयातल्या साध्या गाठी), एवढंच काय साध्या पाळीतही हा आकडा वाढू शकतो, आणि तो नॉर्मल असला तरी आजार नाही असं म्हणता येत नाही. केवळ या तपासणीवर निदान होत नाही. तुमच्या हातात असा कागद आला तर गूगल करण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

जानेवारी २०२३ मध्ये मी एक्सेलची शीट उघडली. यात हुशारी काही नव्हती, मला दुसरं काही येतच नाही. रकाने असे: तारीख, पाळीचा कितवा दिवस, कुठे दुखतंय, शून्य ते दहापैकी किती, गोळी कोणती आणि कधी घेतली, उतार पडला का, शौच-लघवीला दुखलं का, संबंधांच्या वेळी दुखलं का, आणि त्या दिवशी कोणतं काम बुडालं. शेवटचा रकाना महत्त्वाचा. "खूप दुखतं" म्हटलं की समोरचा मान हलवतो. "मार्चमध्ये दोन दिवस उभं राहता आलं नाही, एकदा जिन्यात उलटी झाली" म्हटलं की पेन उचलतो.

मे २०२३ मध्ये वहिनीने सांगितलेल्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, कोल्हापुरातच. मी चार महिन्यांची शीट प्रिंट करून नेली होती. त्यांनी ती पूर्ण वाचली. मग नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही पाच मिनिटं बाहेर बसता का?" आणि मला ते प्रश्न विचारले जे आजवर कुणी विचारले नव्हते: संबंधांत दुखतं ते बाहेर की खोल, शौचाचा त्रास फक्त पाळीतच की एरवीही. तपासताना त्यांची नजर माझ्या ओटीपोटावर थांबली. तिथे तपकिरी, जाळीदार डाग पडले होते. मी ते काखेतल्या काळेपणासारखं काहीतरी समजून सोडून दिलं होतं. "किती शेकता हो?" त्यांनी विचारलं. वर्षानुवर्षं रोज गरम पिशवी धरल्याने कातडीवर अशी नक्षी उठते म्हणे. तेवढ्यावरून त्यांना माझ्या दुखण्याचा अंदाज आला.

एंडोमेट्रिऑसिस हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी बाहेर, म्हणजे अंडाशयावर, गर्भाशयाच्या मागच्या बाजूला, आतड्यावर वाढतात. तिथे सूज येते, व्रण धरतात, अवयव एकमेकांना चिकटतात. अंडाशयात जुनं रक्त साचून गाठ झाली की तिला सगळे चॉकलेट सिस्ट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने मूल होण्याच्या वयातल्या साधारण दहा टक्के बायकांना हा आजार असतो, जगभरात १९ कोटी. मी विचारलं, मग सोनोग्राफीत दिसलं का नाही? पोटावरून केलेल्या साध्या सोनोग्राफीत पसरट डाग आणि चिकटलेल्या जागा सहसा दिसत नाहीत, आणि सिस्ट तेव्हा नसेलही. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे त्या तपासणीत काही दिसलं नाही, इतकाच त्याचा अर्थ.

योनीमार्गे सोनोग्राफी, तीही हा आजार शोधायची सवय असलेल्या डॉक्टरांकडून करायची म्हणून पुण्याला जायचं ठरलं. अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी. कोथरूडला आत्याकडे मुक्काम होता, त्यामुळे राहण्याचा खर्च वाचला. ही सोनोग्राफी अर्धा तास चालली, १,८०० रुपये. डॉक्टर प्रोबने हलकं दाबून गर्भाशय आणि आतडं एकमेकांवरून सरकतात का ते बघत होते. डावीकडे सरकत नव्हतं. नेमकं तिथेच दुखतं हे त्यांनी मला न विचारता सांगितलं, आणि मी टेबलावर आडवी पडल्या पडल्या रडले. दुखलं म्हणून नव्हे.

पाठोपाठ जून २०२३ मध्ये एमआरआय, ९,५०० रुपये. कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून औषध, द्यायचं असल्याने आधी क्रिएटिनिनची (किडनीची) रक्ततपासणी लागते, ती आदल्या दिवशी गावातच करून न्या म्हणजे तिथे खोळंबा होत नाही. चार तास उपाशी. मंगळसूत्र, जोडवी, हेअरपिन सगळं काढून घरीच ठेवा. फिल्मबरोबर सीडी मागून घ्या, आणि घरी आल्यावर ती लॅपटॉपवर उघडते का बघा. पुढचे सर्जन फिल्म बाजूला ठेवून सीडीच मागतात. रिपोर्ट आला: डाव्या अंडाशयात ४.१ सेंटिमीटरची सिस्ट, गर्भाशयामागचे बंध जाड झालेले, आतडं मागून चिकटलेलं.

मला वाटलं आता ऑपरेशन. डॉक्टर म्हणाल्या, घाई नाही. पूर्वी पोटाला छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीने आत बघितल्याशिवाय निदान पक्कं मानत नसत. युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ते बदललं. लक्षणं आणि स्कॅनवरून औषध सुरू करता येतं, केवळ निदानासाठी ऑपरेशन करायची गरज नाही. मला डायनोजेस्ट २ मिलिग्रॅम, म्हणजे पाळी थांबवणारी हार्मोनची गोळी, सुरू झालं, रोज एक, ठरलेल्या वेळी. महिन्याला सातशे-आठशे रुपये, जेनेरिक घेतलं तर बरंच कमी.

पहिले तीन महिने वैताग होता. पाळी थांबायच्या ऐवजी रोज थोडं थोडं स्पॉटिंग, डोकेदुखी, आणि कारण नसताना चिडचिड. नवऱ्याने एकदा चहात साखर कमी घातली म्हणून मी अर्धा तास बोलत होते. चौथ्या महिन्यापासून स्पॉटिंग थांबलं आणि शीटमधले आठ-नऊ चार-पाचवर आले. हे औषध बरेच दिवस घेतल्यास हाडांची घनता कमी होऊ शकते, म्हणून डी जीवनसत्त्व तपासून घेतलं, कॅल्शियम सुरू झालं. आणखी एक, हे फार कमी जण सांगतात: पाळी थांबली तरी डायनोजेस्टकडे गर्भनिरोधक म्हणून बघायचं नाही, वेगळी काळजी घ्यावी लागते.

वेदनाशामकांबद्दलही शिकले. मी दुखणं असह्य होईपर्यंत थांबायचे, गोळी कमी घ्यावी म्हणून. डॉक्टरांनी सांगितलं की अशा गोळ्या कळ चढायच्या आत घेतल्या तर काम करतात, तेही जेवणानंतर, आणि पित्ताचा किंवा किडनीचा त्रास असेल तर विचारूनच. मेफेनामिक ॲसिड, म्हणजे मेफ्टालमधला घटक, यावर २०२३ च्या नोव्हेंबरअखेरीस इंडियन फार्माकोपिया कमिशनने सूचना काढली होती: क्वचित काहींना ताप, पुरळ, गाठी सुजणं अशी गंभीर प्रतिक्रिया येते. मला नॅप्रोक्सेन देण्यात आलं. मेडिकलमधून पाकीट उचलून चॉकलेटसारखं खायची सवय मात्र मोडली.

२०२४ च्या उन्हाळ्यापर्यंत असंच चाललं. शौचाचं दुखणं पूर्ण गेलं नाही, आणि सप्टेंबरच्या सोनोग्राफीत सिस्ट ५ सेंटिमीटरच्या वर. शिवाय मूल हवं होतं, आणि डायनोजेस्ट चालू असताना तो प्रयत्न करता येत नाही. पुण्यातल्या सर्जननी दोन्ही बाजू मांडल्या. सिस्ट काढली की दुखणं कमी व्हायची शक्यता चांगली, पण गाठीबरोबर अंडाशयाचा चांगला भागही थोडा जातो. म्हणून आधी एएमएच, म्हणजे अंडाशयात बीजांचा साठा किती उरलाय ते सांगणारं रक्तातलं हार्मोन, तपासा. १,६०० रुपये, आलं १.९. "चालेल, पण उशीर नको," म्हणाले. दुसरं मत मिरजेत घेतलं, तेही जुळलं. ऑपरेशन नोव्हेंबरात ठरलं.

आता कागदांचा भाग, जो मला पोटापेक्षा जास्त छळून गेला. माझी पाच लाखांची वैयक्तिक पॉलिसी एप्रिल २०१९ पासून एकही खंड न पडता चालू होती. बहुतेक पॉलिसींत एंडोमेट्रिऑसिस, फायब्रॉइड, हर्निया अशा आजारांना पहिली दोन वर्षं संरक्षण नसतं; तुमच्या पॉलिसीत ती यादी शोधा, पाळीचा त्रास असेल तर पॉलिसी घेण्याआधीच शोधा. कॅशलेससाठी हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर (विमा दाव्यांचे कागद बघणारं टेबल) आधार, पॅन, पॉलिसी, दोन्ही एमआरआय (२०२३ चा आणि ऑपरेशनआधी ऑक्टोबरात पुन्हा केलेला), सगळी प्रिस्क्रिप्शनं दिली. दोन दिवसांनी प्रश्न आला: तक्रार पहिल्यांदा कधी सुरू झाली, पहिल्या तपासणीचा कागद द्या. यामागची शंका उघड होती, आजार पॉलिसीच्या आधीचा आहे का. मी जानेवारी २०२२ चा पहिला केसपेपर आणि २०१९ पासूनच्या प्रत्येक नूतनीकरणाची प्रत पाठवली. विमा नियामकाने २०२४ मध्ये नियम बदलून, सलग पाच वर्षं पॉलिसी चालू असेल तर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याचं कारण देऊन दावा नाकारता येणार नाही, असं केलंय; आधी ही मुदत आठ वर्षांची होती. पत्रात ते एका ओळीत, नम्रपणे लिहिलं. ६०,००० ची प्राथमिक मंजुरी आली.

खोलीचं भाडं हा दुसरा सापळा. माझ्या पॉलिसीत रोज विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे ५,००० ची मर्यादा. ७,५०० ची खोली घेतली तर फक्त वरचे अडीच हजार आपल्या खिशातून जातात असं सगळ्यांना वाटतं. तसं नाही. त्याच प्रमाणात सर्जनची फी, ओटीचा चार्ज असं बरंच काही कापलं जातं. मी ४,५०० ची दोघींची खोली घेतली. शेजारच्या काकू सिझेरियन झालेल्या सुनेसाठी आल्या होत्या, त्यांनी मला तीन दिवस डिंकाचे लाडू खायला घालायचा प्रयत्न केला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आतडं साफ करायचं औषध पाण्यातून प्यायचं असतं. चव भयंकर, गार करून, लिंबू पिळून, नळीने प्या. संमतीपत्रावर लिहिलं होतं की गरज पडल्यास आतड्याचा तुकडा काढावा लागेल, क्वचित शौचासाठी पोटावर पिशवीही लावावी लागू शकते. ते वाचून हात थांबला. सर्जननी शक्यता कमी असल्याचं सांगितलं, आतड्याचे सर्जन तयार ठेवले होते. सही केली. साडेतीन तास चाललं, दुर्बिणीतूनच. सिस्ट काढली, मागच्या बंधांवरचे डाग कापून काढले, आतडं सोडवलं; तुकडा काढावा लागला नाही. शुद्धीवर आल्यावर पोटापेक्षा उजवा खांदा जास्त दुखत होता. पोटात भरलेल्या गॅसमुळे तसं होतं, फिरायला लागलं की दोन-तीन दिवसांत जातं. हे मला आधी माहीत होतं म्हणून घाबरले नाही, तुम्हीही ध्यानात ठेवा.

नियमाप्रमाणे डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत यायला हवी. माझी सकाळी दहाला मागितलेली संध्याकाळी सातला आली, तोवर नवरा डेस्कसमोरच्या खुर्चीत आणि मी साडी नेसून पलंगावर. बिल २,४६,०००, मंजूर २,०८,०००, उरलेले ३८,००० आमचे. त्यात हातमोजे, किट, नोंदणी फी असल्या किरकोळ वस्तूंची दीड पानी यादी होती. ऑपरेशनआधीच्या तीस आणि नंतरच्या साठ दिवसांतली बिलं वेगळा अर्ज करून मिळतात. ऑक्टोबरचा दुसरा एमआरआय त्यात बसला, २०२३ चा अर्थातच नाही. मूळ बिलं देण्याआधी सगळ्यांचे फोटो काढून ठेवा. माझं एक बिल त्यांच्याकडे "प्राप्त नाही" होतं. फोटो आणि कुरियरची पावती पाठवल्यावर ते सापडलं.

नऊ दिवसांनी तुकड्यांचा तपासणी अहवाल आला. एंडोमेट्रिऑसिस, कॅन्सरची लक्षणं नाहीत. सीए-१२५ च्या त्या रात्रीचा हिशेब तेव्हा मिटला.

मी तीन आठवड्यांनी कामावर गेले. दुखणं कमी झालं होतं पण संबंधांच्या वेळचं तसंच राहिलं, आणि याने मी ऑपरेशनपेक्षा जास्त खचले. सर्जननी ओटीपोटाच्या स्नायूंच्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. वर्षानुवर्षं दुखण्याच्या धास्तीने तिथले स्नायू आखडून राहतात, कारण काढलं तरी ते सैल व्हायचं विसरलेले असतात. कोल्हापुरात असं कुणी मला मिळालं नाही, त्यामुळे पहिली तपासणी पुण्यात आणि पुढची सत्रं व्हिडिओवर, ८०० रुपये एकाचे. पोटाने श्वास घेणं, गुडघे छातीशी, मांड्या सैल सोडून पडणं. बघणाऱ्याला वाटेल ही झोपलीय. सासूबाईंनी दार उघडून दोनदा विचारलंच. आता त्या स्वतः त्यांच्या कंबरेसाठी माझ्या शेजारी आडव्या होतात.

ऑफिसात मी साहेबांना आजाराचं नाव सांगितलं, डॉक्टरांचं पत्र दिलं आणि एवढंच मागितलं की त्रासाच्या दिवशी घरून काम करू द्या. मान्य झालं. मी थ्री-बीचं काम १५ तारखेपर्यंत उरकून ठेवायला लागले, म्हणजे पाळीने २० तारीख गाठली तरी फक्त चलन भरायचं राहतं.

हा आजार मुळापासून गेला असं कुणी डॉक्टर लिहून देत नाही, तो परत येऊ शकतो. ऑपरेशननंतर काही महिने पुन्हा डायनोजेस्ट घेतलं, मग मुलासाठी म्हणून थांबवलं. पाळी परत सुरू झाली. पहिल्या महिन्यात शीटवर पाच, दुसऱ्यात चार, नॅप्रोक्सेनच्या दोन गोळ्या, शौचाचा रकाना रिकामा, कामाच्या रकान्यात "नाही". सहा महिने नैसर्गिक प्रयत्न करायचे, नाही झालं तर वेळ न घालवता आयव्हीएफच्या डॉक्टरांना भेटायचं, असं ठरलंय. त्यांच्यासाठी एमआरआयची सीडी, ऑपरेशनची नोंद, तपासणी अहवाल आणि एएमएच एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये लावून ठेवलंय. ऑपरेशनचा व्हिडिओ हॉस्पिटलकडून पेनड्राइव्हवर मागून घ्यायचा राहिलाय, तो या शनिवारी पुण्याला जाऊन आणणार आहे.